तेलाचा प्रश्न, पाण्याचं माप

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडला पहिली प्रवासी रेल्वे धावली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण ती जिल्ह्याच्या एका टोकाला. जिल्ह्याच्या ठिकाणाला मात्र तोवर जे आलं आणि जे बाहेर गेलं, ते सगळं डिझेलवर. कापसाच्या गाठी, सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या, दुष्काळातलं टँकरचं पाणी आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जाणारी माणसं, यातलं काहीच रुळावरून गेलं नाही. त्यामुळे जगाच्या तेलाची चर्चा बीडला परकी वाटण्याचं कारण नाही. बॅरलचा भाव वाढला की नांगरटीचा एकरी दर वाढतो, आणि तो पुढे कधी उतरत नाही, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

तेल संपणार का, हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ साली सांगितलं होतं, की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल. ते तसंच घडलं. पण पुढे खडकात अडकलेलं तेल फोडून काढण्याचं तंत्र आलं आणि अमेरिका पुन्हा जगातली सर्वांत मोठी तेल उत्पादक झाली. आज ती दिवसाला १ कोटी ३० लाख बॅरलच्या आसपास तेल काढते. म्हणजे साठे संपण्याची तारीख सांगणाऱ्यांचा अंदाज चुकला. तेवढ्यावरून निर्धास्त होण्याचीही सोय नाही. चालू विहिरींचं उत्पादन दरवर्षी घटतच असतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०१९ पासून तेल-वायू काढण्यात जगभर होणाऱ्या गुंतवणुकीपैकी सुमारे ९० टक्के पैसा केवळ ही घट भरून काढण्यात जातो. जगाची रोजची गरज दहा कोटी बॅरलच्या वर गेली आहे. तेल मिळेल, पण ते अधिक खोलवरून, अधिक खर्चाने आणि मोजक्या देशांच्या मर्जीने.

आपल्याकडे मुंबई हायचं उदाहरण आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या मंचाने अरबी समुद्राच्या तळाशी तेल शोधलं, १९७६ मध्ये ते वाहू लागलं. १९७३ च्या भाववाढीने होरपळलेल्या देशाला त्याने केवढा तरी आधार दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे क्षेत्र शिखरावर होतं. त्यानंतर उतार लागला. आज देशाला वर्षाला सुमारे २४ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ लागतात आणि देशातलं कच्चं तेल तीन कोटी टनांच्याही खाली आहे. गरजेच्या जवळपास ८८ टक्के कच्चं तेल आपण विकत आणतो. युक्रेन युद्धापूर्वी रशियाकडून नगण्य तेल घेणारा आपला देश पुढच्या दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल तिथून घेऊ लागला. स्वस्त मिळालं म्हणून ते घेतलं, आणि तो निर्णय मला त्या वेळी योग्यच वाटला. पण पुरवठादार बदलल्याने परावलंबन कमी होत नाही. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून रोज सुमारे दोन कोटी बॅरल तेल जातं, जगाच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतकं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूगर्भातल्या गुहांत मिळून ५३ लाख टन तेल साठवता येतं. देशाची गरज पाहता ते जेमतेम नऊ-दहा दिवसांचं.

या आकड्यांचा बीडशी संबंध तीन ठिकाणी जुळतो. पहिला, डिझेल. देशात वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत डिझेलचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणालाच रेल्वे नसलेल्या बीडमध्ये त्याला पर्यायच नव्हता. दुसरा, गॅस सिलिंडर. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि खेड्यापाड्यांतल्या घरांत शेगडी पोचली; पण देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून. तिसरा, युरिया. तो नैसर्गिक वायूपासून बनतो आणि देशाला लागणाऱ्या वायूचा जवळपास निम्मा हिस्सा जहाजाने येतो. कापसाला टाकायची गोणी, चुलीऐवजी पेटणारी शेगडी आणि पेरणीला आलेला ट्रॅक्टर, तिन्ही समुद्रापलीकडच्या शांततेवर अवलंबून आहेत.

मागणी कमी होईल, ही आशा धरण्यासारखी नाही आणि धरूही नये. ३० मे २०२४ रोजी देशाच्या विजेच्या मागणीने अडीच लाख मेगावॉटचा टप्पा गाठला. महाराष्ट्राची कमाल मागणी तीस हजार मेगावॉटच्या घरात आहे. यात मुंबई-पुण्याच्या वातानुकूलन यंत्रांचा वाटा मोठा, बीडचा लहान. ज्या जिल्ह्यात अजून हजारो बाया पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून भाकरी भाजतात, ऊसतोडीच्या कोपीत तर पाचटावरच स्वयंपाक होतो, तिथे ऊर्जा अधिक मिळणं हा त्यांचा हक्क आहे. एका घरात पंखा, फ्रिज, मोटार आणि मुलाच्या अभ्यासाला खात्रीचा दिवा असणं ही चैन नव्हे. तेव्हा बीडपुढचा प्रश्न कमी वापराचा नाही. वाढती गरज कशातून भागवायची, हा आहे. आणि तिथे माझं म्हणणं असं, की बीडमध्ये प्रत्येक इंधन आधी पाण्याच्या मापाने मोजावं आणि मग त्याचा पैसा कुणाच्या घरी जातो ते पाहावं. वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, असलेल्या जिल्ह्याला तिसरं माप परवडत नाही.

हे माप हाताशी असतं, तर परळीचा इतिहास वेगळा झाला असता. परळी वैजनाथचं औष्णिक वीज केंद्र १९७१ साली ३० मेगावॉटच्या छोट्या संचाने सुरू झालं. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच आले, २००७ आणि २०१० मध्ये २५० मेगावॉटचे दोन, २०१६ मध्ये आणखी एक. मागासलेल्या मराठवाड्याला आधुनिक उद्योग मिळाला, हजारो कुटुंबांना पगार मिळाला, परळीची बाजारपेठ उभी राहिली. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण परळीला कोळसाही नव्हता आणि पाणीही नव्हतं. कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो, पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. वरच्या धरणांत पाणी असेल तर बंधाऱ्यात येणार, नसेल तर नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ते आलं नाही. ११३० मेगावॉट क्षमतेचं केंद्र, एकेक संच थांबवत, पूर्ण बंद करावं लागलं. कोळसा पडून होता, यंत्रं धडधाकट होती, कामगार हजर होते. वाफ करायला पाणी नव्हतं. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच घडलं आणि या वेळी बंद राहण्याचा काळ लांबला. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणलं, तोच हा काळ. पुढे २१० मेगावॉटचे जुने संच कायमचे निवृत्त झाले आणि आज परळीची क्षमता ७५० मेगावॉट आहे.

कोळशाची वीज किती पाणी पिते याचा हिशेब घरबसल्या करता येतो. केंद्राच्या २०१५ च्या पर्यावरण नियमाने जुन्या वीज केंद्रांना एका मेगावॉट-तासासाठी साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. ७५० मेगावॉट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर १८ हजार मेगावॉट-तास. म्हणजे नियम पाळूनही दिवसाला सहा कोटी तीस लाख लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी ठरवलं आहे. त्या मापाने हे पाणी साडेअकरा लाख माणसांचं झालं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या होती २५ लाख ८५ हजार. वीज राज्यभर जाते आणि तहान परिसरात राहते.

राखेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण परळीत ती वाऱ्यावर असते. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण तीस ते चाळीस टक्के असतं. पूर्ण क्षमतेला रोज बारा हजार टनांच्या आसपास कोळसा जळत असेल तर चार हजार टनांवर राख निघते. ती सिमेंटला, विटांना उपयोगी पडते. म्हणूनच तिच्यामागे पैसा आला, आणि पैशामागे दादागिरी. भरलेले हायवा ताडपत्री न टाकता गावांतून जातात, मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत राख जाते, कापसाच्या बोंडावर करडा थर बसतो. धुऊन काढायला पुन्हा पाणीच.

आता वाहनांच्या इंधनाकडे. पेट्रोलला पर्याय म्हणून गेल्या दहा वर्षांत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ सालची, पण वेग आला २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रण साधलं, २०२५ मध्ये वीस टक्के; मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं. यातून परकीय चलन वाचलं आणि साखरेचा भाव पडला तरी कारखान्यांना उसाचे पैसे चुकवण्याची ताकद मिळाली. हे फायदे खरे आहेत. माजलगाव, धारूर, केज, गेवराई, परळी या पट्ट्यात साखर कारखाने आहेत; त्यांच्या गव्हाणीत ऊस टाकणारा शेतकरी इथेनॉलच्या विरोधात का बोलेल? एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, वेळेवर मिळावी एवढंच त्याचं मागणं आहे.

तरी बीडच्या मापाने हिशेब घालून पाहा. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच आकडा दिला आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. मराठवाड्यात एकरी ३० टन उतारा धरला तर २१०० लिटर इथेनॉल आणि त्यासाठी साठ लाख लिटर पाणी. ५५ लिटरच्या मापाने तीनशे माणसांच्या वस्तीला वर्षभर पुरेल एवढं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २१०० लिटर म्हणजे १४०० लिटर पेट्रोल. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल त्यावर ७० हजार किलोमीटर धावेल.

आता त्याच एका एकरावर सौर पट्ट्या बसवा. एका मेगावॉटला चार एकर जागा लागते असं धरलं तर एकरी २५० किलोवॉट. मराठवाड्याच्या उन्हात वर्षाला पावणेचार लाख युनिट. विजेवरची स्कूटर एका युनिटमध्ये तीस किलोमीटर सहज जाते. म्हणजे एक कोटी बारा लाख किलोमीटर. चार्जिंगमध्ये, बॅटरीत, तारांत काही वीज वाया गेली, उसाच्या चिपाडापासून कारखान्यात वीजही झाली, हे सगळं जमेस धरूनही फरक शंभरपटीच्या आसपास राहतो. आणि पाणी लागतं ते काचा धुण्यापुरतं. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा शून्यं जास्त पडली असं वाटून मी तो पुन्हा तपासला; शून्यं बरोबर होती.

साखर तयार झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल करण्याला माझा आक्षेप नाही; ते पाणी साखरेच्या नावावर आधीच खर्ची पडलेलं असतं. आक्षेप आहे तो इथेनॉलसाठी दुष्काळी भागात ऊस वाढवण्याला. २०१९ मध्ये तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस नको अशी शिफारस सरकारकडे केली होती. केंद्रेकर २०१२-१३ च्या दुष्काळात बीडचे जिल्हाधिकारी होते, टँकरच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या. शिफारस कागदावर राहिली. मग २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि गुंतवणूक करून बसलेले कारखाने अडकले. ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले. परदेशी तेलाचा भाव युद्धावर ठरतो म्हणून ज्या इंधनाकडे वळलो, ते इंधन पावसावर ठरतं, हे त्या नऊ महिन्यांत दिसलं.

उसाऐवजी मका घ्या, असं त्यावर उत्तर आलं आणि आज इथेनॉलचा सर्वांत मोठा वाटा मक्याचा आहे. पाणी कमी लागतं, हे खरं. पण मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात जाऊ लागला आणि सोयापेंडीची मागणी घसरली. जागतिक बाजारातला उतार त्यात मिळाला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. अंबाजोगाई, केज, परळीच्या सोयाबीन उत्पादकाने इथेनॉलची किंमत अशी मोजली, आणि ती कुठल्या अहवालात इंधनाच्या खर्चात धरली जात नाही.

दुसरी न धरलेली किंमत माणसांची. पश्चिम महाराष्ट्रातला आणि कर्नाटकातला ऊस तोडायला बीडमधून दरवर्षी लाखो माणसं जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. दांडी पडली की पैसे कापले जातात. बाळंतपण, पाळी, आजार, कशालाच सुट्टी नाही. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. टाकीत पडणाऱ्या वीस टक्क्यांमध्ये या बायांच्या शरीराचा हिस्सा आहे. आता डिझेलवर चालणारी हार्वेस्टर यंत्रं फडात उतरत आहेत. जीवघेणे कष्ट संपणार असतील तर मला आनंदच आहे. पण कोयत्यावर जगणाऱ्या कुटुंबाला गावातच काय काम मिळणार, याची तयारी यंत्राच्या अनुदानाइतकी तरी व्हायला हवी होती.

वाऱ्याकडे वळू. बालाघाटचं पठार बीड जिल्ह्याला आडवं छेदून जातं; पाटोदा, केज, बीड तालुक्यांच्या माळांवर पवनचक्क्यांचे उंच खांब दिसतात. पाण्याच्या मापाने वारा उत्तीर्ण आहे, एक थेंब लागत नाही. शिवाय तो जून ते सप्टेंबर जोरात असतो, म्हणजे ढगांनी ऊन झाकलेलं असतं नेमकं तेव्हा. ऊन आणि वारा एकमेकांची उणीव भरून काढतात. कोरडवाहू माळावर खांबापुरती जागा गेली तरी बाकीच्या रानात बाजरी-हुलगा घेता येतो.

असं असूनही बीडमध्ये पवनचक्की म्हटलं की आज लोकांच्या अंगावर काटा येतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना हाल करून मारण्यात आलं. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीला त्यांचा अडसर होत होता म्हणून हे घडलं, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. न्याय न्यायालय करील. ऊर्जेच्या आढाव्यात या घटनेला जागा कशासाठी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर असं, की पठारावर वारा वाहतो म्हणून मोठी गुंतवणूक येते तेव्हा जमीन कुणामार्फत घेतली जाते, रस्त्याचं, मुरमाचं, सुरक्षेचं कंत्राट कुणाला मिळतं, तारा शेतावरून गेल्या तर भरपाई कोण ठरवतं, हे सगळे प्रश्न तंत्रज्ञानाइतकेच निर्णायक असतात. राखेत जे झालं तेच वाऱ्यात होऊ द्यायचं का? खरेदी-भाडेपट्ट्याचे दर आणि कंत्राटदारांची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर मध्यस्थांचं निम्मं बळ तिथेच जाईल.

ऊन मात्र सगळ्यांचं आहे आणि बीडच्या खऱ्या पर्यायाची सुरुवात मला तिथूनच दिसते. ज्यांनी रात्रीची लाईट अनुभवली आहे त्यांना याचं मोल सांगावं लागत नाही. गव्हाला पाणी द्यायचं तर थ्री फेज रात्री, म्हणून पौषाच्या थंडीत बॅटरी घेऊन रानात जायचं, दार धरून बसायचं, विंचू-सापाची भीती, मधेच फ्यूज उडाला तर अंधारात डीपीपर्यंत चालत जायचं. भर हंगामात डीपी जळाली तर दुरुस्त होऊन येईपर्यंत पीक सुकायचं, आणि गावाने वर्गणी काढून ती ट्रॅक्टरमध्ये घालून न्यायची. दिवसा पाणी देता येणं ही शेतकऱ्याच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे.

त्यासाठी दोन वाटा चालू आहेत. एक, शेतात स्वतंत्र सौरपंप: २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची. दुसरी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा अख्खा फीडर दिवसा चालवायचा. मला दुसरी वाट अधिक टिकाऊ वाटते. एका मेगावॉटवर पाच अश्वशक्तीच्या अडीचशे मोटारी चालतात, देखभाल एका ठिकाणी होते आणि पंपाची गरज नसते त्या महिन्यांत वीज वाया न जाता गावठाणात, कारखान्यांत जाते. शेतातला स्वतंत्र पंप पाऊस लांबला की देवासारखा धावून येतो, पण एरवी वर्षातले कितीतरी दिवस त्याच्या पट्ट्या नुसत्या तापत राहतात. जमिनीच्या आकारावर पंप ठरतो, अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा. आणि बीडमध्ये पाचशे-सहाशे फूट खोल गेलेल्या बोअरमधून त्याने पाणी वर येत नाही. मग पट्ट्या शेतात आणि जुनी विजेची मोटार बोअरमध्ये, असं दृश्य दिसतं. वारा-गारपिटीत काचा फुटल्या, केबल चोरीला गेली तर दाद मागायची कुठे, याचं उत्तरही अजून धड मिळत नाही.

इथेही पाण्याचं माप विसरता येणार नाही. ऊन फुकट, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजही मोफत. मग मोटार बंद कशासाठी करायची? भूजल आधीच खोल गेलं आहे. सौरपंपाबरोबर ठिबक सक्तीचं असावं आणि फीडरवर जमा होणारी उरलेली वीज विकून शेतकऱ्याला पैसे मिळावेत. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणं परवडलं तर तो स्वतःहून मोटार बंद करील. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने २०१६ पासून सौरवीज विकून हे करून दाखवलं आहे. सहकाराचा एवढा वारसा असलेल्या महाराष्ट्राने त्यात मागे का राहावं?

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. जैतापूरचा ९९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प किती वर्षं चर्चेतच आहे, त्याच्यावर विसंबून बीडने काही आखू नये. हरित हायड्रोजन खतासाठी उद्या महत्त्वाचा ठरेल, पण तो पाण्यापासूनच बनतो, तेव्हा त्याची जागा समुद्रकाठी. गोबरगॅस मात्र आपण उगाच विसरलो. दोन-चार जनावरं दावणीला असतील तर घरचा गॅस आणि रानाला खत, सिलिंडर आणि युरिया दोन्हींवरचा भार हलका होतो. अडचण एवढीच, की ऊसतोडीला जाणारं कुटुंब सहा महिने गावात नसतं आणि टाकी बंद पडते. रात्रीच्या विजेसाठी बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प येत आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी सह्याद्रीचा उतार हवा, तो बीडच्या वाट्याचा नाही. म्हणून आणखी काही वर्षं तरी परळीचे उरलेले संच संध्याकाळच्या मागणीला लागतील. ते चालतील तोवर चालावेत, पण तिथे नवा कोळशाचा संच नको. निवृत्त संचांची जागा आहे, चारशे के.व्ही.चं उपकेंद्र आहे, वीज हाताळणारे कामगार आहेत. सौरवीज आणि बॅटरी यांच्यासाठी याहून तयार ठिकाण मराठवाड्यात शोधून सापडणार नाही.

पैसा कुणाच्या घरी, हा दुसरा प्रश्न इथे येतो. सौर वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख. कोरडवाहू माळाच्या मानाने हे भाडं वाईट नाही. पण शेतीतल्या सौरऊर्जेसाठी असलेल्या केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘अ’ घटकात अर्ध्या ते दोन मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत यांना स्वतःच्या मालकीचा उभारता येतो. नुसतं भाडं घेण्याऐवजी प्रकल्पाचा मालक होण्याची ही संधी बीडमध्ये फारशी घेतली गेलेली नाही, कारण एका मेगावॉटला कोटींच्या घरात भांडवल लागतं आणि जिल्हा बँक पूर्वीच्या ताकदीत राहिलेली नाही. इथेनॉलच्या आसवन्यांना केंद्राने व्याजात सवलत देऊन कर्जं मिळवून दिली. तेवढीच सवलत माळावरच्या दहा शेतकऱ्यांच्या गटाला का मिळू नये, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारायला हवा.

तोवर जे भाडेपट्टे होत आहेत, ते पंचवीस-तीस वर्षांचे आहेत. सही करणाऱ्याचा नातू मोठा होईपर्यंत ती जमीन कंपनीकडे राहणार. मुदत संपल्यावर पट्ट्या आणि काँक्रीट कोण काढणार, कंपनी विकली गेली तर भाडं कोण देणार, सातबाऱ्यावर काय नोंद होणार, दरवाढ चुकली तर करार रद्द करता येणार का, ही कलमं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात आणि तलाठ्यालाही नीट माहीत नसतात. त्यांचं मराठी भाषांतर ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावं, गावाला प्रश्न विचारायला महिनाभराची मुदत द्यावी आणि सह्या त्यानंतर घ्याव्यात, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना आजही काढता येईल.